पेशंट परत येत नाही, मग सर्जरीचा थिसिस कशावर करायचा?

टाकेवाली

नवे जेआर, म्हणजे एमएस करणारे ज्युनिअर रेसिडेंट, आले की आमच्याकडे एकच पालुपद सुरू होतं, "मॅडम, टॉपिक द्या ना." मी विदर्भातल्या एका ग्रामीण मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवते. कॉलेजचं नाव विचारू नका, सांगणार नाही. दरवर्षी एखाद-दुसऱ्या थिसिसची गाइड असते आणि बाकीच्यांचे वाचावे लागतात ते वेगळेच.

टॉपिक कुठून येतात हे इथल्या डॉक्टर मंडळींना ठाऊक आहे. सीनिअरचा थिसिस कपाटातून काढायचा, साल बदलायचं, जमलं तर एक शब्द बदलायचा. अपेंडिक्सला सूज आहे का हे गुण मोजून ठरवायला अल्व्हाराडो स्कोअर बरा की रिपासा, यावर देशात किती थिसिस झाले असतील देव जाणे. अल्व्हाराडो १९८६ चा, रिपासा ब्रुनेईत तयार झालेला. दोन्ही स्कोअर बिचारे निर्दोष आहेत. पण आमच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता पोट दुखतंय म्हणून आलेल्या पोराला कुणी रिपासा मोजत बसत नाही. हात लावून बघतात, सोनोग्राफीवाला उठला तर सोनोग्राफी होते.

ते असो. माझं खरं म्हणणं फॉलोअपबद्दल आहे. ऑपरेशननंतर जखमेत पू झाला की नाही हे ठरवायला ३० दिवस थांबायचं असतं, हर्नियाला जाळी घातली असेल तर ९० दिवस. ही व्याख्या कुठल्याही पुस्तकात सापडते आणि प्रत्येक थिसिसच्या पहिल्या प्रकरणात छान टाइप केलेली असते. निकालाचं प्रकरण उघडलं की दिसतं ते वेगळंच. पेशंट आठव्या दिवशी टाके काढायला आला, जखम कोरडी, प्रोफॉर्मात (माहिती भरायच्या फॉर्मात) "इन्फेक्शन नाही" लिहिलं, फाइल बंद. कित्येक जण तर आठव्या दिवशीही येत नाहीत, गावच्या पीएचसीत नाहीतर ओळखीच्या कंपाउंडरकडून टाके काढून घेतात. पुढे नवव्या दिवशी पू आला तर तो आपल्या टक्केवारीत कुठेच नाही.

म्हणून मी आता पोरांना सांगते: टॉपिक निवडायच्या आधी विचार, या प्रश्नाचं उत्तर पेशंट वॉर्डात असतानाच मिळतं का? मिळत असेल तर कर. मिळत नसेल, तर तो परत कसा येणार किंवा तू त्याच्यापर्यंत कसा पोचणार, ते सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, लिहून आण. नुसतं "नियमित फॉलोअप घेण्यात येईल" चालणार नाही.

ग्रामीण भागात काम केलेल्यांनी लिहावं. शहरातल्यांनीही लिहावं, पण "पेशंटला समजावून सांगा" एवढंच लिहायला येऊ नये.

जेआर_टू_रडतोय

मॅडम, तुम्ही आमच्याच कॉलेजच्या असाल तर मी हा आयडी आत्ताच डिलीट करतो 😅

माझं सिनॉप्सिस झालंय, एथिक्स कमिटीही झाली. पोटाच्या इमर्जन्सी ऑपरेशनमध्ये कातडी शिवायच्या दोन पद्धती, प्रत्येकी ३० पेशंट. गाइड म्हणाले ३० पुरे. आता अर्धे झालेत आणि त्यातले बरेच फोन "बंद आहे" सांगतात. ज्यांचे लागतात त्यातला निम्मा वेळ फोन पुण्यात कंपनीत असलेला मुलगा उचलतो. त्याला बापाच्या पोटाचं काय माहीत!

आणि दुखणं मोजायचा प्रोफॉर्मा आहे, शून्य ते दहा. परवा एका आजोबांना रेघ दाखवून विचारलं, "बाबा, दहापैकी किती दुखतं?" ते म्हणाले, "बारा आणे आराम आहे." मी काय लिहायचं?

भूलवाला_चंद्रपूर

अडीच लिही. 😄

संख्याशास्त्री

अडीच लिहू नका हो. आराम आणि दुखणं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असतीलच असं नाही. "बारा आणे आराम" म्हणणारा माणूस काल आणि आज याची तुलना करतोय, तुम्ही आत्ताचं विचारताय. हवं तर दोन्ही नोंदवा. पण विचारणारा एकच असू द्या आणि प्रश्न रोज त्याच शब्दांत विचारा. आज इंटर्ननं विचारलं, उद्या सिस्टरनं, परवा तुम्ही राउंडला साहेबांसमोर, तर साहेबांसमोर सगळ्यांचंच कमी दुखतं.

आता ३० बद्दल. हा आकडा कुठून आला मला कुणी सांगेल का? मी एका मेडिकल कॉलेजात आकडेमोड करतो आणि दर जून-जुलैत "सर, तीस-तीस घेतलेत, पी व्हॅल्यू काढून द्या" हे ऐकतो. (पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता, ती ०.०५ च्या खाली लागते.) साधा हिशोब करू. तुमच्याकडे इमर्जन्सी पोटाच्या जखमा १०० तल्या २० चिघळतात असं धरा. नवी पद्धत ते प्रमाण १० वर आणते असंही धरा, म्हणजे निम्मं, हा भलताच मोठा फायदा झाला. एवढा मोठा फायदासुद्धा नेहमीच्या ८० टक्के पॉवरनं (फरक असेल तर तो पकडायची शक्यता) आणि ०.०५ च्या पातळीवर पकडायचा तर प्रत्येक गटात जवळजवळ २०० पेशंट लागतात. त्यातले पाचातले एक हरवणार असतील तर २४५.

३०-३० मध्ये काय होईल? एकीकडे ६ चिघळले, दुसरीकडे ३. पी व्हॅल्यू ०.०५ च्या आसपासही फिरकत नाही. तुम्ही लिहिणार, "दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही". खरं तर तुमच्याकडे फरक दिसेल एवढे पेशंटच नव्हते. ही दोन वाक्यं वेगळी आहेत आणि थिसिसमध्ये नेहमी पहिलंच छापलं जातं.

टाकेवाली

हे आमच्या गाइड मंडळींच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवायला हवं. पण प्रामाणिक अडचण सांगते. एका जेआरच्या हातात तीन वर्षं. पहिले सहा महिने सिनॉप्सिस, कमिटी, विद्यापीठ. शेवटी परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस सबमिट. मध्ये जेमतेम दोन वर्षं उरतात, त्यात त्याची रोजची इमर्जन्सी, ओटी, ड्रेसिंग आणि साहेबांची कामं. एकट्याला ४९० पेशंट कुठून मिळणार?

निवृत्त_मास्तर

एकट्याला मिळणार नाहीतच. म्हणून एकट्यानं करू नये.

आमच्या वेळी मल्टिसेंटर (अनेक हॉस्पिटलांनी मिळून केलेला अभ्यास) वगैरे शब्द परदेशी जर्नलमध्ये वाचायचो. आता तसं राहिलेलं नाही. गेल्या काही वर्षांत सर्जरीतले दोन मोठे अभ्यास झाले, दोन्हींत भारतातली हॉस्पिटलं होती. पहिला फाल्कन, २०२१ साली लॅन्सेट या जर्नलमध्ये आला. सात देश, ५४ हॉस्पिटलं, ५७८८ पेशंट. प्रश्न अगदी आपल्या ओटीतला: कातडी पुसायला महागडं अल्कोहोलवालं क्लोरहेक्सिडीन की आपलं पोव्हिडोन आयोडीन? आणि ट्रायक्लोसान लावलेला महाग दोरा घ्यावा की साधा? उत्तर आलं, फरक नाही. इथे "फरक नाही" लिहायचा त्यांना अधिकार आहे, कारण पेशंट ५७८८ होते. दुसरा चीता, २०२२. पोट बंद करायच्या आधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवायला नवी अवजारं घ्यायची, एवढंच. ८१ हॉस्पिटलं, १३,३०१ पेशंट. जखम चिघळायचं प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. हातमोज्यांची एक जोडी!

हे प्रश्न कुणा प्रयोगशाळेत सुचलेले नाहीत. ओटीत उभ्या असलेल्या माणसाला सुचण्यासारखे आहेत. विदर्भात वर्धा, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर धरून मेडिकल कॉलेजं कमी नाहीत. पाच कॉलेजांतल्या पाच जेआरनी एकच प्रोफॉर्मा भरला तर? प्रत्येकानं आपला उपप्रश्न वेगळा ठेवून थिसिस वेगळा लिहावा. अडचण पेशंटची नसून पाच एचओडी (विभागप्रमुख) एका टेबलावर बसण्याची आहे, हे मी एचओडी राहिलेला माणूस सांगतोय.

हातमाग

शहरातला सर्जन आहे, तरी लिहितोच. सगळ्यांना थिसिस सक्तीचा का? ज्याला संशोधन करायचंय त्यानं करावं. बाकीच्यांनी ऑपरेशन शिकावं. आज जेआरला हर्निया एकट्यानं करायला मिळत नाही आणि त्याच्याकडून पी व्हॅल्यू मागतो आपण. वर तो ऑनलाइन रिसर्चचा कोर्स, वर पेपर, वर पोस्टर. पोस्टर कोण वाचतं? कॉन्फरन्सला लोक जेवणाच्या रांगेत जाताना पोस्टरसमोरून जातात.

टाकेवाली

पोस्टरबद्दल वाद नाही. बाकी पटलं नाही. ज्या पोरानं स्वतः केलेल्या हर्नियाचे १०० पेशंट वर्षभर धरून ठेवले, त्याला स्वतःचा हात कळतो. नाहीतर आपण सगळेच "माझ्याकडे कधी रिकरन्स (पुन्हा झालेला हर्निया) आला नाही" म्हणणारे सर्जन होतो. आला नाही म्हणजे तो दुसऱ्या सर्जनकडे गेला.

निवृत्त_मास्तर

हर्नियाचा विषय निघालाच आहे तर दोंडाईच्याचं नाव घ्यायलाच हवं. ते खानदेशात, पण आपल्या तालुक्यांसारखंच गाव. डॉ. टोणगावकरांनी तिथे मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला जाळी म्हणून वापरलं, कारण कंपनीची जाळी शेतमजुराला परवडत नव्हती. इतर ग्रामीण सर्जनना सोबत घेऊन केलेल्या कामाचा पेपर २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत आला. पुढे स्वीडन आणि युगांडाच्या लोकांनी युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर रँडमाइज्ड (चिठ्ठी टाकल्यासारखे पेशंट गटांत वाटून) अभ्यास केला, स्वस्त जाळी विरुद्ध कंपनीची, आणि २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापला. वर्षभरानंतर हर्निया पुन्हा होण्यात लक्षणीय फरक नाही.

पण टाकेवालीबाईंच्या धाग्याच्या दृष्टीनं मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. युगांडातल्या खेड्यांतले पेशंट, तरी वर्षानंतर जवळजवळ सगळे तपासायला मिळाले. खेडं म्हणजे फॉलोअप नाही, असं काही नसतं.

हातमाग

मग मच्छरदाणी आपल्याकडे का वापरत नाही?

निवृत्त_मास्तर

वापरणारे वापरायचे. आता २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स आहेत, शरीरात ठेवायची वस्तू बाजारातून मीटरवर आणून ठेवता येत नाही. आणि खरं सांगायचं तर जाळीच्या किमतीही आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, सरकारी योजनेतून मिळते.

वावरातला_गडी

मी डॉक्टर नाई, पण धागा पुरा वाचला. मले एक सांगा, तुमी पेशंट हरवला म्हनता, तं तो हरवतो कुठी? तो घरीच असते.

आमच्या बापाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं एका कॉलेजच्या दवाखान्यात. पैसे लागले नाई, योजनेत बसलं. डॉक्टर पोट्टे बी चांगले होते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वार्डात दिसत. सुटी देतानी सांगतलं, महिन्यानं मंगळवारी या. आता महिना म्हनजे आली सोयाबीनची सोंगणी. मजूर भेटत नाई, थ्रेशरवाला आज येतो म्हने आन् परवा येते, वरून आभाळ. त्याच्या मागं लगेच कापूस वेचाले येते. बाप म्हने दुखत नाई, सुजलं नाई, मंग कायले जाऊ? एसटीनं तालुक्याले, तेथून जिल्ह्याले, तेथून ऑटो. तेथं गेल्यावर पुन्हा चिठ्ठी काढा, लाइनीत बसा, डॉक्टर पाहीन दोन मिनिट. दिवसाची मजुरी गेली ते वेगळं.

आन् दुसरं. ऑपरेशनच्या आदल्या राती दोन-तीन कागदांवर बापाचा आंगठा घेतला. बापाले वाटलं सारेच ऑपरेशनचे कागद. सुटी झाल्यावर मी वाचलं तं एकात 'संशोधन' लिहेल होतं. राग नाई आला, चांगलंच काम असन. पण सांगाले पायजे होतं ना बाप्पा. सांगतलं असतं तं बाप म्हनला असता, लिवा माझं बी नाव.

टाकेवाली

भाऊ, तुम्ही जे लिहिलं ते आमच्या एथिक्स कमिटीत पंधरा पानी प्रपोजलपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

जेआर मंडळी, नीट वाचा. ऑपरेशनची संमती आणि अभ्यासाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या माणसासमोर दोन्ही कागद एका पॅडला लावून ठेवणं म्हणजे अभ्यासाची संमती चोरणं आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो. त्यानं सगळं वाचून दाखवताना हजर राहायचं असतं आणि तो तुमच्या टीममधला नको. वॉर्डबॉयची सही चालत नाही. संमतीपत्राची एक प्रत पेशंटच्या हातात द्यायची. "नाही म्हटलं तरी ऑपरेशन तसंच होणार" हे वाक्य तोंडानं म्हणायचं, छापलेलं असलं तरी. आणि ते आपल्या संमतीपत्रातलं मराठी! "सदर अभ्यासात सहभागी होण्यास मी स्वेच्छेने…" हे मलाच दोनदा वाचावं लागतं.

प्रवासाचा खर्च देता येतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला वाव आहे, कमिटीला आधी सांगावं लागतं. थिसिसला तो पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आहेच. एमडी-एमएसच्या थिसिससाठी आयसीएमआरनं आर्थिक मदतीची योजना काढलेली आहे, अर्ज करणारे आमच्याकडे मी फार पाहिले नाहीत. शिवाय बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट झाल्यापासून आज्या माझ्या ओपीडीत जास्त नियमित येतात असं मला वाटतं. हे मोजलेलं नाही. कुणाला टॉपिक हवाय?

भूलवाला_चंद्रपूर

टॉपिक मी देतो, तोही असा की पेशंट परत यायची गरजच नाही.

आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर. पंचवीस वर्षांची मुलगी पित्ताच्या खड्यांसाठी येते, जाड नाही, घरात कुणाला खडे नाहीत. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी फुटत राहतात, त्यातून पिगमेंट खडे होतात, अगदी लहान वयात. पण बऱ्याच ठिकाणी सर्जन थेट लॅपची (दुर्बिणीच्या ऑपरेशनची) तारीख देतो आणि सिकलिंग टेस्ट मी प्री-अ‍ॅनेस्थेसियात मागितली की होते, मी विसरलो तर होत नाही. प्रश्न सरळ आहे: पस्तिशीच्या आतल्या खड्यांच्या पेशंटमध्ये किती जणांना सिकलसेल निघतो, आणि त्यातल्या किती जणांना ते आधी माहीत होतं? सोल्युबिलिटी टेस्ट सगळ्यांची, पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, कारण पहिल्या टेस्टवरून नुसता वाहक आहे की आजार आहे ते कळत नाही. खडा काढल्यावर फोडून रंग बघा. सगळं डिस्चार्जच्या आत.

दुसरा: खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. त्यानं तोंड उघडेनासं होतं. तोंड किती उघडतं ते मी रोज बोटांनी मोजतो. दोन बोटं शिरली नाहीत की माझा घसा कोरडा पडतो, कारण पुढे ट्यूब मलाच घालायची असते. हर्नियाला, हायड्रोसीलला आलेल्या पुरुषांचं तोंड मिलिमीटरमध्ये मोजून, खर्रा दिवसाला किती आणि किती वर्षं ते विचारून लिहा. रात्री गालात खर्रा ठेवून झोपतो का, तेही विचारा. हे कुणी विचारत नाही.

हातमाग

हा भूलतज्ज्ञाचा थिसिस झाला, सर्जनचा कुठे?

भूलवाला_चंद्रपूर

तोंड उघडलं नाही तर तुमचं ऑपरेशन कुठे?

जेआर_टू_रडतोय

माझा प्रश्न राहिला. माझे पेशंट चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेत, म्हणजे रँडमाइज्डच झालं. सीटीआरआयला (देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत) नोंदवावं लागतं का? मित्र म्हणतो थिसिसला नाही लागत, पेपर पाठवताना बघू.

संख्याशास्त्री

मित्र बदला. थिसिस असला तरी ट्रायल ती ट्रायल. ही नोंदणी २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याच्या आधीच नोंदवावं लागतं, मागाहून घेत नाहीत. आता गाइडना आणि एथिक्स कमिटीला लेखी कळवा, लपवू नका. आणि चिठ्ठ्या कुणी उचलल्या, तुम्हीच ना? पुढची चिठ्ठी कोणती ते ज्याला माहीत असतं, त्याचा हात नकळत पेशंट निवडतो.

कोरा_केसपेपर

मी एमआरडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात, काम करतो. एक विचारायचं होतं. सबमिशनच्या आधीच्या महिन्यात पोरं एका रात्रीत मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या माहितीचा तक्ता) भरताना पाहिलीत. खोटे आकडे ओळखता येतात का? एकदा एका चार्टमध्ये सगळ्यांची वयं ४०, ४५, ५०, ५५ अशी दिसली, मला तेव्हाच शंका आली.

संख्याशास्त्री

ओळखता येतात, पण तुम्ही सांगितलेला पुरावा उलटा आहे. आपल्या खेड्यांत माणूस वय अंदाजे सांगतो, "असन साठ-पासष्ट". त्यामुळे खऱ्या चार्टमध्ये शून्य आणि पाचवर गर्दी असतेच. वयं ४१, ४७, ५३, ५८ अशी अगदी छान विखुरलेली दिसली, की मी खुर्ची सरसावून बसतो. बीपी सगळ्यांचं १२०/८० असलं, तर मात्र ते मशीनला न विचारता लिहिलंय. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे एकही पेशंट हरवलेला नसणं. दिवाळीच्या आसपास ऑपरेशन झालेले साठच्या साठ लोक तिसाव्या दिवशी हजर! माझा विश्वास बसत नाही. ६० पैकी ४३ सापडले, १७ चं काय झालं माहीत नाही आणि ते १७ बाकीच्यांपेक्षा वेगळे होते का ते तपासलं, असं लिहिणाऱ्याला मी चहा पाजतो.

निवृत्त_मास्तर

हे परीक्षकांनाही सांगा. "ड्रॉपआउट इतके का?" म्हणून पोराला व्हायव्हात झापणारे मी पाहिलेत. मग पुढच्या वर्षी ड्रॉपआउट शून्य होतात.

माणसं घरी जाऊन शोधली तर काय सापडतं याचं आपल्या विदर्भातलंच उदाहरण आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. ६५० बाया तपासल्या, ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. ओपीडीच्या रजिस्टरवरून हे जन्मात कळलं नसतं. सर्जरीत असं का होऊ नये? पूर्व विदर्भात हत्तीरोगाचा पट्टा आहे. अंडवृद्धी (हायड्रोसील) घेऊन किती पुरुष लाजेनं घरी बसलेत हे वॉर्डात बसून कळणार नाही.

टाकेवाली

सर, हायड्रोसीलचं मी उचलते. पुरुष बाईसमोर सांगत नाहीत ही अडचण आहे, जेआर मुलगा लागेल.

आणि माझा नियम थोडा बदलते. नव्या बॅचला दोनच पर्याय देणार: भूलवाल्यांच्या सिकलसेलसारखा डिस्चार्जच्या आत संपणारा प्रश्न, नाहीतर तिसाव्या दिवशी आम्हीच फोन करू असा. पेशंटकडे बोलवणं जाणार नाही, जखम ठीक असेल तर त्यानं घरीच राहावं. प्रश्न ठरलेले: पू आला का, टाका उसवला का, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला दाखवलं का, औषध बदललं का. गडबड वाटली तरच बोलवायचं, आणि आला की चिठ्ठीच्या लाइनीत न बसवता थेट ड्रेसिंग रूममध्ये. डिस्चार्जच्या वेळी दोन नंबर घ्यायचे, एक घरातला आणि एक शेजारच्याचा. शेजाऱ्याला आजार सांगायचा नाही, फक्त "त्यांना फोन करायला सांगा" एवढंच.

संख्याशास्त्री

फोन कोण करणार ते सिनॉप्सिसमध्ये नावानिशी लिहा. "रेसिडेंट करेल" म्हणजे कुणीच करत नाही. आणि फोन करणाऱ्याला पेशंट कोणत्या गटातला ते माहीत नसावं.

जेआर_टू_रडतोय

उरलेल्या पेशंटसाठी मी गाइडना विचारतो. माझ्या वॉर्डातली इंटर्न तयार आहे फोन करायला, दुपारी ओपीडी संपल्यावर.

वावरातला_गडी

दुपारी नका लावू भाऊ. सकाळी सातच्या आधी लावजा नाईतर दिवे लागल्यावर. मधात वावरात रेंज नाई.

टाकेवाली

प्रोफॉर्मात "फोन कधी लागतो" असा रकाना घातला. जेआर टू, तुझी इंटर्न सकाळी सातच्या आधी उठते का ते विचार.